गोठ्यात कळते, ते घरात का कळू नये?

प्राण्यांची आणि माणसाची प्रजननसंस्था कशी चालते, ती कुठे सारखी आणि कुठे वेगळी आहे, आणि याविषयीच्या गैरसमजांची किंमत कोण मोजते, याचा हा आढावा.

- प्रतिनिधी

पुणे-सातारा महामार्गालगतचे वरवे बुद्रुक असो, की भोर-वेल्ह्यातील आणखी आतले एखादे गाव. सकाळी दावणीची गाय वारंवार हंबरू लागली, वैरण टाकून इकडेतिकडे पाहू लागली आणि काचेसारखा सोट टाकू लागली, की घरात कोणाला काही सांगावे लागत नाही. गाय माजावर आली आहे, हे शाळकरी मूलही ओळखते. रेतन करणाऱ्या डॉक्टरांना निरोप जातो आणि संध्याकाळी गाय भरवली जाते. एकवीस दिवसांनी तिने पुन्हा माज दाखवला, तर 'गाय उलटली' असे म्हणतात आणि चौकशी सुरू होते. वेळ चुकली का? रेतमात्रा नीट होती का? वळू कोणता होता? क्षारमिश्रण कमी पडले का? केवळ गाईला बोल लावून शेतकरी मोकळा होत नाही, कारण त्यात त्याचेच नुकसान असते.

त्याच घरात लग्नानंतर दोन-तीन वर्षे पाळणा हलला नाही, तर मात्र ही चौकशी कुठल्या कुठे जाते. तपासण्या, नवस आणि टोमणे हे सारे सुनेच्या वाट्याला येते. लागोपाठ मुलीच झाल्या, तरी दोष तिचाच. शहरातील सुशिक्षित कुटुंबेही याला अपवाद नाहीत. जे शरीरशास्त्र गोठ्यात कळते, ते घरात का कळू नये, हा खरा प्रश्न आहे.

निम्मे तुझे, निम्मे माझे

लैंगिक प्रजननाचे सूत्र सोपे आहे. मादीची एक पेशी आणि नराची एक पेशी एकत्र येऊन नवा जीव घडतो. या पेशी शरीरातील इतर पेशींसारख्या नसतात. त्यांत गुणसूत्रांची संख्या निम्मी असते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, तर स्त्रीबीजात व शुक्राणूत प्रत्येकी २३. गाईत ६० ची ३० होतात, मेंढीत ५४ ची २७ आणि कोंबडीत ७८ ची ३९. हे दोन अर्धे भाग जुळले, की पूर्ण संख्या पुन्हा तयार होते. म्हणजे आनुवंशिक वारशात आई आणि बाप यांचा वाटा जवळपास सारखाच असतो. 'बीज पुरुषाचे आणि स्त्री हे केवळ क्षेत्र' ही जुनी कल्पना शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

हे मीलन घडवून आणण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत. पहिल्या पावसात भातखाचरांच्या डबक्यांत बेडूक ओरडू लागतात. मादी पाण्यात अंडी सोडते आणि नर त्यांवर शुक्राणू सोडतो. फलन शरीराबाहेर होते. बहुतेक माशांचीही हीच रीत. यात बरीच अंडी वाया जातात, म्हणून ती शेकड्यांनी किंवा हजारांनी घातली जातात. सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात फलन मादीच्या शरीरात होते. तेथे अंडी थोडी असतात, पण प्रत्येकाची काळजी अधिक घेतली जाते.

कोंबडीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिच्यात बहुधा डावीकडचा एकच अंडाशय व एकच अंडनलिका कार्यरत असते. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २५ तास लागतात आणि त्यांतील २० च्या आसपास तास कवच तयार होण्यात जातात. अंडे देण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्लू व्हायचे असेल तरच ती असते. पोल्ट्रीतील अंड्यांतून पिल्लू का निघत नाही, याचे उत्तर हेच. कोंबड्याशी एकदा संग झाल्यावर त्याचे शुक्राणू कोंबडीच्या अंडनलिकेतील सूक्ष्म पिशव्यांत दोन आठवड्यांपर्यंत जिवंत राहू शकतात.

आज्ञा मेंदूची, काम अंडाशयाचे

प्रजननाची सूत्रे ओटीपोटात नसून मेंदूत असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडतो. त्यामुळे खालची पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि एफएसएच व एलएच ही दोन संप्रेरके रक्तात पाठवते. मादीत एफएसएचमुळे अंडाशयातील पुटके वाढतात. पुटक म्हणजे बीज धारण करणारी, द्रवाने भरलेली बारीक पिशवी. वाढते पुटक इस्ट्रोजेन निर्माण करते. त्याची पातळी पुरेशी वाढली, की एलएचची मोठी लाट येते, पुटक फुटते आणि बीज बाहेर पडते. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला गर्भासाठी सज्ज ठेवते. गर्भ राहिला नाही, तर पीतपिंड विरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

गाय, मेंढी, कुत्री आणि स्त्री या साऱ्यांमध्ये कारभाराची ही चौकट सारखीच आहे. हायपोथॅलॅमसमधील त्या संप्रेरकाचा शोध लागला, तो डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंवरील संशोधनातून. त्यासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमाँ यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डुकराच्या मेंदूतून काढलेले हे संप्रेरक माणसातही तसेच असल्याचे आढळले. म्हणूनच आज त्याच गटातील औषधे गाईच्या वांझपणावर जशी वापरली जातात, तशी स्त्रियांच्या वंध्यत्वावरील उपचारांतही वापरली जातात.

माज आणि मासिक पाळी एक नव्हे

चौकट सारखी असली, तरी तपशिलात एक मोठा फरक आहे आणि तेथेच पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ झाला आहे.

गाईचे ऋतुचक्र सरासरी २१ दिवसांचे असते. माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि तो संपल्यावर १० ते १२ तासांनी बीज सुटते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम यातूनच आला. म्हशीत पुष्कळदा 'मुका माज' असतो. ती फारशी हंबरत नाही आणि बाह्य लक्षणेही पुसट असतात. म्हणून म्हशीचा माज हुकण्याचे प्रमाण अधिक. सारांश, माज हे बीज लवकरच सुटणार असल्याचे चिन्ह आहे.

मासिक पाळीचा अर्थ याच्या उलट आहे. बीज येऊन गेले, गर्भ राहिला नाही, म्हणून गर्भाशयाचे सजवलेले अस्तर गळून पडते. तो हा रक्तस्राव. पाळी मनुष्य, वानरकुळातील काही प्राणी, काही वटवाघळे आणि मोजके इतर सस्तन प्राणी यांनाच येते. गाईला पाळी येत नाही. घरातील पाळीव कुत्रीला वर्षातून साधारण दोनदा होणारा रक्तस्राव हीसुद्धा पाळी नव्हे. तो माजाच्या आधीचा टप्पा असतो.

एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय डॉक्टरांनी मात्र पाळीला स्त्रीचा माज मानले. परिणामी, दोन पाळ्यांच्या मधले दिवस गर्भधारणेच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचा सल्ला दिला गेला. वास्तविक ते दिवस सर्वाधिक फलनक्षम. जपानमधील क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले, की बीज पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. महाराष्ट्रात याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे या विषयावर जाहीरपणे बोलत होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांना खटले आणि दंडही सोसावे लागले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी' याचा अर्थ 'मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी' असा नेहमीच होत नाही. चक्र २८ दिवसांचे असेल तरच दोन्ही हिशेब जुळतात. ३५ दिवसांचे असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते. सुटलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते, पण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे केवळ दिवस मोजून संततिनियमन करणे बेभरवशाचे ठरते.

नराची बाजू

मादीचा बीजसाठा जन्मतःच ठरलेला असतो. मुलीच्या अंडाशयांत जन्मतः सुमारे १० ते २० लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष सुटतात ती चारशे ते पाचशेच. नराचे गणित निराळे आहे. वृषणात शुक्राणूंची निर्मिती वयात आल्यापासून अखंड सुरू असते. एक शुक्राणू पूर्ण तयार होऊन बाहेर पडण्यास माणसात साधारण अडीच महिने लागतात.

या निर्मितीला शरीरापेक्षा किंचित थंड तापमान लागते, म्हणून वळू, बोकड आणि मनुष्य यांचे वृषण शरीराबाहेरील पिशवीत असतात. कोंबड्याचे वृषण मात्र पोटातच असूनही उत्तम काम करतात. वळूला मोठा ताप येऊन गेला, तर त्यानंतर काही आठवडे त्याच्या वीर्याची प्रत घसरू शकते, ही गोष्ट रेतन केंद्रांत बारकाईने पाहिली जाते. माणसातही ताप, तंबाखू, मद्य, काही औषधे, भट्टीसारख्या उष्ण जागी काम आणि वृषणाच्या फुगलेल्या शिरा यांचा परिणाम होतो. पुरुषाची लैंगिक क्षमता आणि प्रजननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पहिली उत्तम असूनही दुसरी कमी असू शकते आणि तपासणीखेरीज ते कळत नाही.

वळूच्या बाबतीत ही तपासणी पुणे जिल्ह्याला नवी नाही. महात्मा गांधींसोबत १९४६ मध्ये उरुळी कांचनला आलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बायफ' ही संस्था उभी केली आणि संकरित गोपैदाशीसाठी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवलेली रेतमात्रा वापरण्यापूर्वी वळूची वंशावळ, त्याचे रोग आणि गोठवणीनंतर हालचाल करणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण हे सारे पाहिले जाते. ही तपासणी म्हणजे वळूचा अपमान असे कोणाला वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार, जगातील दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. वीर्यतपासणी स्वस्त, वेदनारहित आणि थोड्या वेळात होणारी आहे. स्त्रीच्या काही तपासण्यांत नळी घालावी लागते, तर काहींत दुर्बीण. असे असताना पुरुषाची तपासणी शेवटी होते, याला वैद्यकीय कारण नाही.

मुलगा की मुलगी, कालवड की गोऱ्हा?

सस्तन प्राण्यांत मादीची लिंगगुणसूत्रे एक्स-एक्स आणि नराची एक्स-वाय असतात. प्रत्येक बीजात एक्सच असतो. शुक्राणूंपैकी निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असतो. कोणता शुक्राणू बीजाला मिळतो, यावर लिंग ठरते. म्हणजे फरक पडतो तो बापाकडून आलेल्या गुणसूत्राने. आणि त्यावर बापाचीही मर्जी चालत नाही.

निसर्गात याखेरीज इतर रीतीही आहेत. पक्ष्यांत दोन प्रकारची लिंगगुणसूत्रे मादीकडे असतात, त्यामुळे नर पिल्लू की मादी पिल्लू हे कोंबडीच्या बीजावर ठरते. मधमाश्यांत फलन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ज्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण केले जाते, त्यांच्यात लिंग वाळूच्या तापमानावर अवलंबून असते. वाळू अधिक उष्ण असली तर माद्या अधिक होतात.

वळूच्या एक्स शुक्राणूत वाय शुक्राणूपेक्षा डीएनए सुमारे चार टक्के अधिक असतो. या फरकाच्या आधारे यंत्राने शुक्राणू वेगळे करून तयार केलेल्या रेतमात्रा आता मिळतात. त्यांतून सुमारे ९० टक्के वेळा कालवडच होते. दुधाच्या धंद्यात मादी हवी असते, म्हणून गोठ्यात हे तंत्र कायदेशीर आहे.

माणसात गर्भधारणेपूर्वी वा नंतर लिंगनिवड करणे आणि गर्भाचे लिंग सांगणे हा मात्र गुन्हा आहे. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही राज्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. गोठ्यात कालवडीसाठी पैसे मोजायचे आणि घरात मुलगी नको म्हणायचे, ही विसंगती या आकड्यांत दडलेली आहे.

वार, चीक आणि गर्भाची वर्दी

फलन बीजवाहिनीत होते. माणसात त्यानंतर सहा-सात दिवसांनी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुततो आणि आपल्या अस्तित्वाची वर्दी देणारे एचसीजी हे संप्रेरक सोडतो. औषधाच्या दुकानात मिळणारी लघवीची चाचणी तेच ओळखते. गाईचा गर्भ वेगळ्या प्रथिनाद्वारे वर्दी देतो आणि ते लघवीत उतरत नाही. म्हणून ही चाचणी गाईला उपयोगी नाही. पशुवैद्य साधारण दोन महिन्यांनंतर हाताने तपासून गाय गाभण आहे की नाही ते सांगतात.

वारेची रचनाही वेगळी असते. माणसात ती एका थाळीसारखी असते आणि तिच्यातून आईची रोगप्रतिकारक द्रव्ये जन्मापूर्वीच बाळाला पोहोचतात. गाईची वार गर्भाशयाला अनेक बटणांसारख्या गाठींनी चिकटलेली असते आणि ही द्रव्ये तिच्यातून पलीकडे जात नाहीत. वासराची प्रतिकारशक्ती सर्वस्वी चिकावर अवलंबून असते. म्हणून जन्मानंतर पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजला पाहिजे. वार पडण्याची वाट पाहत चीक रोखून धरणे वासराच्या जिवावर बेतू शकते.

गाईला गोऱ्हा आणि कालवड असे जुळे झाले, तर बहुतेकदा त्या दोघांचे रक्ताभिसरण वारेतून जोडले जाते. गोऱ्ह्याच्या प्रभावामुळे अशा दहापैकी सुमारे नऊ कालवडी पुढे वांझ निघतात. माणसाच्या भाऊ-बहीण जुळ्यांत असे होत नाही, त्यामुळे 'जुळ्यातील मुलगी वांझ' हा समज गोठ्यातून घरात आणू नये.

जुळी व्हावीत यासाठीही महाराष्ट्रात संशोधन झाले आहे. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ जातीच्या मेंढ्यांतील एक जनुक संकरातून दख्खनी मेंढ्यांत आणले आणि 'सुवर्णा' मेंढी विकसित केली. या जनुकामुळे एका वेळी एकाहून अधिक पुटके पक्व होतात आणि जुळ्यांचे प्रमाण वाढते.

प्रयोगशाळेची मदत

जेथे निसर्गाची वाट अडते, तेथे आता मदत मिळू शकते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने १८ मे २०१७ रोजी देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. आईने लेकीला दिलेल्या गर्भाशयातून ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगी जन्मली. अशा उपचारांचे नियमन करणारा कायदा २०२१ पासून देशात आहे.

हे उपचार खर्चिक आहेत आणि प्रत्येक वेळी यशाची हमी नसते. म्हणून पहिली पायरी साधीच असावी. एक वर्ष नियमित प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने उलटले, तर दोघांनी एकाच दिवशी, एकत्र डॉक्टरांकडे जावे आणि दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. उलटलेल्या गाईच्या वेळी गोठ्यात वळूचीही चौकशी होतेच. तेवढा न्याय घरातल्या सुनेलाही मिळाला पाहिजे.

दृष्टिक्षेपात : सरासरी गर्भकाळ

कुत्री : ६३ दिवस
शेळी, मेंढी : १५० दिवस
गाय : २८० दिवस
स्त्री : शेवटच्या पाळीपासून २८० दिवस
म्हैस : ३१० दिवस
हत्तीण : सुमारे २२ महिने
कोंबडीचे अंडे उबवण्याचा काळ : २१ दिवस